३ किलोवॅट सोलरचं इलेक्ट्रिकल काम: १४,००० खरे की ३८,०००?

दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार भावाने विचारलं आहे. घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचं आहे. पुढचं घर कवेलूचं, मागे दोन खोल्यांवर स्लॅब. पॅनेल स्लॅबवर बसतील, पण मीटर पुढच्या भिंतीला आहे. दोन विक्रेत्यांची कोटेशनं आली. पॅनेल आणि इन्व्हर्टरचे भाव जवळपास सारखे, पण ‘इलेक्ट्रिकल काम’ या एका ओळीत एकाने १४,००० लिहिले आणि दुसऱ्याने ३८,०००. एवढा फरक कशाचा? खरा खर्च किती? आणि घरी बॅटरीवाला इन्व्हर्टर आहेच, तर लाईट गेल्यावर सोलरवर पंखे चालतील का?

भाऊ, मी १९ वर्षं वायरमनचं काम करतोय, त्यातली शेवटची बरीच वर्षं यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यातल्या गावांत सोलरचं. तुमच्या दोन आकड्यांपैकी ३८ हजारांचा मी आत्ता खोटा म्हणणार नाही. मीटर पॅनेलखालीच असेल, माती चांगली असेल आणि घरातला बोर्ड नवा असेल, तर ३ किलोवॅटचं नीट काम साधारण २० ते २५ हजारांत होतं. तुमच्यासारख्या लांबट घरात ते ३० ते ३५ हजारांवर जातं. १४ हजारांत मात्र ते कुठेच होत नाही. तिथे काहीतरी गाळलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते जमिनीखालचं असतं, कारण ते कोणी बघत नाही.

विक्रेते दर किलोवॅटचा भाव सांगतात. वायरिंगचा खर्च किलोवॅटवर कमी आणि मीटरवर जास्त चालतो, म्हणजे टेपने मोजायच्या मीटरवर. शहरातल्या घरात गच्ची वर आणि मीटर बरोबर तिच्या खाली, १०-१२ मीटरमध्ये काम आटोपतं. आपल्याकडची घरं लांब पसरलेली. पुढे ओसरी, मग कवेलूचं घर, मग आंगण, मागे कोठा किंवा नवा स्लॅब. तार भिंतीने वळसे घेत ३०-४० मीटर सहज होते. घरी एकदा टेप धरा. सरळ रेषेत मोजू नका. पाइप ज्या भिंतीने जाईल त्या भिंतीने मोजा आणि चढ-उतारही धरा.

हे अंतर पैशापुरतं नसतं. एका गावात मला बोलावलं तेव्हा तक्रार अशी होती की सोलर रोज दुपारी १२ ते ३ बंद पडतं, म्हणजे नेमकं कडक ऊन असतं तेव्हाच. बसवून चार महिने झाले होते. विक्रेत्याचा माणूस दोनदा येऊन ‘डीपीचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरचा) प्रॉब्लेम आहे’ म्हणून गेला होता. मी दुपारी १ वाजता मीटरपाशी व्होल्टेज घेतला, २४८ आला. मागे स्लॅबवर इन्व्हर्टरपाशी घेतला, तर २६०. त्याच घरात, त्याच मिनिटाला १२ व्होल्टचा फरक. पाइपाचं झाकण काढलं तर आत अडीच चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार, ४५ मीटर लांब.

यामागचं गणित सोपं आहे. ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर भर उन्हात साडेअकरा-बारा अँपिअर लाईनकडे ढकलतो. त्या बारीक तारेचा जाण्या-येण्याचा मिळून अडथळा एक ओहमच्या वर होता. एवढा करंट त्यातून ढकलायला इन्व्हर्टरला आपल्या टोकाचा व्होल्टेज तेवढा वर चढवावा लागतो. तो ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. आधीच दुपारी गावात भार कमी, त्यामुळे लाईनचा व्होल्टेज चढलेला असतो. संध्याकाळी तोच १८० वर येतो, हा भाग वेगळा. मी तिथे तांब्याची ६ चौरस मिलिमीटरची तार ओढली. फरक १२ वरून ३ व्होल्टवर आला आणि बंद पडणं थांबलं. पण त्या माणसाची चार महिन्यांची दुपारची वीज गेली ती गेलीच, वर तारेचे पैसे दोनदा लागले.

म्हणून माझा ठाम सल्ला आहे की इन्व्हर्टर पॅनेलजवळ न लावता मीटरजवळ लावा. मग लांबचं अंतर डीसी तार (पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची) कापते आणि एसी तार (इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची) तीन-चार मीटरची राहते. डीसी तारेतही थोडी वीज जातेच. तुमच्या ३०-३५ मीटरला ४ चौरस मिलिमीटरच्या सोलर केबलमध्ये भर उन्हात पन्नास-साठ वॅट जातील. पण त्याने इन्व्हर्टर बंद पडत नाही, आणि लांबीच्या दर मीटरला ही केबल एसी केबलपेक्षा स्वस्त पडते. दुसरा फायदा उन्हाचा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. पश्चिमेच्या भिंतीवर किंवा गच्चीवर उघडा ठेवलेला इन्व्हर्टर तापला की उत्पादन आपोआप कमी करतो. ओसरीत, सावलीत, हवा खेळेल अशा भिंतीवर तो बसवा. धान्याच्या पोत्यांच्या किंवा कापसाच्या खोलीत मात्र बसवू नका.

डीसी तार सोलरचीच हवी: आत कलई केलेलं तांबं आणि बाहेर ऊन सोसणारं आवरण. साध्या घरगुती तारेचं आवरण उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं. प्लस आणि मायनस दोन्ही तारा एकाच पाइपातून शेजारीशेजारी न्याव्यात. एक या भिंतीने आणि दुसरी त्या भिंतीने नेली तर मध्ये मोठं वेटोळं तयार होतं, आणि जवळपास वीज पडली की त्या वेटोळ्यात उसळणारा व्होल्टेज इन्व्हर्टर जाळतो. कवेलूच्या छपरातून तार नेणार असाल तर उंदरांचा विचार आधी करा. पाइप सलग हवा, सांध्याला सॉकेट आणि तोंडाला झाकण हवं. वानरं येत असतील तर पॅनेलखालची लोंबती तार क्लिपने फ्रेमला घट्ट बांधून घ्या. लोंबती तार दिसली की ती ओढतातच.

आता अर्थिंग. तीन अर्थिंग वेगळ्या लागतात: एक पॅनेल आणि त्याच्या लोखंडी ढाच्याची, एक इन्व्हर्टर आणि एसी बाजूची, एक वीजरोधकाची (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळईची). १४ हजारांच्या कोटेशनमध्ये ‘अर्थिंग’ एवढाच शब्द असेल. किती खड्डे, ते विचारा. उत्तर ‘एक’ आलं किंवा ‘घरची जुनी आहेच ना’ असं आलं, तर फरक कुठे आहे ते तुम्हाला कळलं.

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्याला मी काय सांगू? पावसाळ्यात ती पाणी धरते, तेव्हा अर्थिंगचं रीडिंग सुंदर येतं. उन्हाळ्यात तीच माती हातभर भेगाळते आणि रॉडपासून सुटते. एका घरी ऑगस्टमध्ये मी स्वतः घेतलेलं रीडिंग दोन ओहमच्या आत होतं. पुढच्या मे महिन्यात त्याच रॉडने नऊ दाखवले. खड्ड्यात वाकून पाहिलं तर रॉडभोवती बोट जाईल एवढी फट पडली होती. आम्ही घराच्या कामाला ५ ओहमच्या आत रीडिंग धरतो, आणि ते उन्हाळ्यातही टिकायला हवं. म्हणून रॉडभोवती बेंटोनाइटची (एका चिकणमातीची) भर टाकतात. ती ओल धरून ठेवते आणि रॉडला चिकटून राहते. मीठ-कोळशाची जुनी पद्धत स्वस्त आहे, पण मीठ लोखंडी पाइप खातं. सहा-सात वर्षांनी उकरून काढलेले पाइप मी हाताने मोडले आहेत. सोलर २५ वर्षं चालवायचं असेल तर तिथे पाचशे रुपये वाचवू नका.

जागा निवडताना मोरीचं किंवा न्हाणीचं पाणी जिथे मुरतं त्याच्या जवळ खड्डा घ्या, पण पायापासून दीड-दोन मीटर लांब. दोन खड्ड्यांत साधारण रॉडच्या लांबीएवढं तरी अंतर ठेवा. तुमच्या बाजूला डोंगराळ भागात हात-दोन हात मातीनंतर मुरूम आणि मग काळा खडक लागतो. खडक लागला की मजूर रॉड कापून मोकळा होतो, वरून तो दीड फूट आहे की दहा फूट हे दिसत नाही. रॉड आत जाताना तुम्ही तिथे उभे राहा. खडक लागलाच तर जागा बदलायची, किंवा पट्टी आडवी पुरायची, किंवा बोअर मारून खाली जायचं. बोअरचा खर्च वेगळा असतो आणि तो आधी ठरवून घेतलेला बरा.

वीजरोधकाबद्दल लोक म्हणतात, गावात मोबाईलचा टॉवर आहे, तोच वीज ओढून घेईल. असं होत नाही. टॉवरच्या संरक्षणाचा घेर त्याच्या आसपासच्या जागेपुरताच असतो. आपल्याकडे मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा किती पडतात, हे वावरात काम करणाऱ्याला ठाऊक आहे. वीजरोधकाची पट्टी सरळ, कमीत कमी वळणांनी, स्वतःच्या खड्ड्यात गेली पाहिजे. ती पॅनेलच्या ढाच्याला गुंडाळून दिलेली मी पाहिली आहे. त्याने विजेला इन्व्हर्टरचा रस्ता दाखवल्यासारखं होतं.

डीसी आणि एसी बाजूच्या दोन पेट्यांवर जास्त लिहीत नाही, पण एक गोष्ट उघडून बघाच. डीसी पेटीतला एमसीबी किंवा फ्यूज डीसीचाच आहे ना? एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून स्विच उघडल्यावर ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. तुमच्या सहा पॅनेलची माळ मिळून जवळपास ३०० व्होल्ट होतात. त्यावर एसीचा स्वस्त एमसीबी लावला तर तो पाडल्यावर आत ठिणगी जळत राहते आणि पेटी वितळते. दोन्ही पेट्यांत एसपीडी (उसळलेला व्होल्टेज जमिनीत सोडणारा) हवा, त्याची खिडकी हिरवी असली पाहिजे. लाल झाली की तो बदलायचा.

पॅनेलच्या तारांना जोडणारे एमसी-फोर कनेक्टर शंभर-सव्वाशे रुपयांची वस्तू आहेत. सोलरला लागलेल्या ज्या आगी मी पाहिल्या त्या बहुतेक तिथूनच सुरू झाल्या होत्या. मागच्या वर्षी एका गच्चीवर जळका वास येत होता. कनेक्टर हातात घेतला तर एका बाजूने फुगून तपकिरी झालेला. टोपी फिरवून उघडली, तर आतली पिन पक्कडने चेपलेली, तारेचे निम्मे धागे पिनेत आणि निम्मे बाहेर वाकलेले. १३ अँपिअर त्या निम्म्या धाग्यांतून जात होते. ही पिन तारेवर दाबायला तिचं वेगळं क्रिम्पिंग टूल असतं. काम करायला आलेल्या मुलाला ‘क्रिम्पिंग टूल दाखव बरं’ म्हणा. पिशवीत नसेल तर त्या दिवशी काम सुरू करू देऊ नका. आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी बसवायचे नाहीत.

आता तुमच्या घरातला बोर्ड. सोलरचं काम म्हणून आम्ही येतो आणि जुना लाकडी बोर्ड उघडतो, तर आत चिनीमातीचे कटआऊट, फ्यूजच्या जागी जाडी तार, न्यूट्रल दोन खोल्यांचे एकत्र पिळलेले. अशा बोर्डाला सोलर जोडणं बरोबर नाही. मेन एमसीबी, घराच्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) आणि न्यूट्रल वेगळे करणं, एवढं तरी करावं लागतं. त्याला तीन-चार हजार लागतात. हा खर्च सोलरचा नसून घराचा आहे, म्हणून विक्रेता कोटेशनमध्ये धरत नाही आणि कामाच्या दिवशी ‘एक्स्ट्रा’ म्हणून मागतो. तो आधीच बोर्ड उघडून बघेल असा आग्रह धरा.

लाईट गेल्यावर पंखे सोलरवर चालणार नाहीत. सोलरचा ऑन-ग्रिड, म्हणजे लाईनला जोडलेला इन्व्हर्टर लाईनचा व्होल्टेज पाहूनच चालतो. लाईन गेली की तो थांबतो आणि थांबायलाच हवा, नाही तर पोलवर चढलेल्या लाईनमनच्या हातातल्या तारेत तुमच्या गच्चीवरून करंट जाईल. तुमचा बॅटरीवाला इन्व्हर्टर पूर्वीसारखा चालत राहील. पण सोलरची तार मीटरनंतर थेट मेनपाशी जोडायची, बॅटरी इन्व्हर्टरच्या आउटपुटच्या बाजूला कधीही जोडायची नाही. तिथे जोडली तर लाईट गेल्यावर सोलरला वाटतं लाईन चालू आहे, तो बॅटरी इन्व्हर्टरमध्ये उलटा करंट ढकलतो आणि तो इन्व्हर्टर जळतो. एका शिक्षकांकडे हे झालेलं मी दुरुस्त केलं आहे. दिवसाच्या लोडशेडिंगमध्येही सोलरच हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. तिचा खर्च बराच वाढतो आणि अनुदान किलोवॅटवर मिळतं, बॅटरीसाठी वेगळं मिळत नाही.

अनुदानाचं थोडक्यात. पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तुम्हाला ७८,०००. ते सोलर चालू होऊन मीटर लागल्यावर तुमच्या खात्यात येतं. वायरिंग महाग झालं म्हणून ते वाढत नाही आणि स्वस्त झालं म्हणून घटत नाही. त्यासाठी पॅनेल देशात बनलेल्या सेलचे असावे लागतात. शेतातल्या पंपाची योजना वेगळी आहे, ती यात मिसळू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीप्रमाणे १० किलोवॅटपर्यंतच्या घरगुती सोलरला वेगळी तांत्रिक मंजुरी लागत नाही, आणि ५ किलोवॅटपर्यंत डीपी किंवा लाईन बळकट करावी लागली तर तो खर्च वितरण कंपनीने करायचा असतो. म्हणून ‘लोड वाढवायचे’, ‘डीपीचे’ असे पैसे कोणी कोटेशनमध्ये लावले असतील, तर महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. कराचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. सामान आणि काम मिळून एकत्र करारात ७० टक्के रकमेवर ५ आणि ३० टक्के रकमेवर १८, म्हणजे सगळ्यावर मिळून ८.९ टक्के बसतो. जुना १३.८ टक्क्यांचा हिशेब अजून काही कोटेशनांत तसाच पडलेला आहे.

आता तुमच्या घराचा हिशेब मांडतो. पॅनेलपासून मीटरपर्यंत ३५ मीटर धरले आहेत, भाव माझ्या भागातले आहेत. तांब्याच्या दराप्रमाणे ते खालीवर होतात. डीसी केबल जाऊन-येऊन ७० मीटर, ६० रुपयांनी ४,२००. ढाच्यापासून खड्ड्यांपर्यंत अर्थिंगची हिरवी तार ४० मीटर, ८० रुपयांनी ३,२००. दोन्ही पेट्या चांगल्या घेतल्या तर ५,५००. तीन अर्थिंग, प्रत्येकी २,५०० प्रमाणे ७,५००. वीजरोधक आणि त्याची पट्टी ३,०००. पाइप आणि क्लिपा १,८००. इन्व्हर्टर मीटरजवळ असल्यामुळे एसी केबलला ९०० पुरतात. कनेक्टर, लग, टाय असं किरकोळ ७००. दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी ४,५००. हे झाले ३१,३००. बोर्ड जुना निघाला तर वर ३,५००, म्हणजे ३४,८००.

तेव्हा ३८ हजारवाल्याला लगेच लबाड समजू नका. त्याच्याकडून ती एक ओळ फोडून घ्या: कोणत्या कंपनीची, किती जाडीची केबल किती मीटर, किती खड्डे, रॉड किती फुटी, एसपीडी दोन्हीकडे आहे का, ठरलेल्या लांबीपेक्षा तार जास्त लागली तर दर मीटरला किती. हे त्याने लिहून दिलं तर दोन-तीन हजार तिथेच कमी होतील. १४ हजारवाल्यालाही तेच विचारा. प्रामाणिक असेल तर तो स्वतःच आकडा वाढवून देईल. दोघांनाही घरी बोलवा आणि त्यांच्यासमोर टेप धरा. इन्व्हर्टर ओसरीत कुठे बसेल, तार पूर्वेच्या भिंतीने न्यायची की पश्चिमेच्या, यात पाच-सहा मीटर वाचले तर सात-आठशे रुपये तिथेच राहतात. कोठ्याच्या भिंतीने जवळचा रस्ता असला तरी जनावरं अंग घासतात तिथून पाइप नेऊ नका.

शेवटचा हप्ता देण्याआधी तिन्ही खड्ड्यांचं रीडिंग तुमच्यासमोर अर्थ टेस्टरवर घ्यायला लावा आणि तारीख घालून बिलावर लिहून घ्या. काम पावसाळ्यात झालं तर पुढच्या मे महिन्यात परत रीडिंग घ्यायचं, हेही आत्ताच लिहून घ्या. योजनेत पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडेच असते. खड्ड्यावर झाकण असलेली कुंडी बांधून घ्या, आणि होळीपासून मृग लागेपर्यंत दर आठ-पंधरा दिवसांनी तिच्यात दोन बादल्या पाणी ओता.